२४ वर्षं फौजेत काढली, मिळालं काय?

सातारा, कोरेगाव, खटाव या पट्ट्यात समुपदेशन करणाऱ्याला एक प्रश्न चुकत नाही. पेन्शनीवर आलेला माणूस समोर बसतो आणि म्हणतो, "मॅडम, उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली. हाताला काय लागलं?" हल्ली अग्निवीरांचे आईवडील हाच प्रश्न आधीच घेऊन येतात. चार वर्षांनी सेवानिधीचे साधारण ११ लाख ७१ हजार मिळणार, पण जास्तीत जास्त २५ टक्केच पुढे कायम होणार. मग बाकीच्या पोरांच्या पदरात काय पडणार? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका हवालदारांच्या निमित्तानं देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

एकोणिसाव्या वर्षी भरती, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग आणि कसम परेड, २४ वर्षं नोकरी करून ४३व्या वर्षी घरी. शेवटची वर्षं ते कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार होते. शंभरावर जवानांचं राशन, कपडा, सामानसुमान आणि त्याचा पै-पैचा हिशेब. घरी आल्यावर बँकेच्या दारात गार्डची नोकरी धरली, ती सुटली. चिडचिड वाढली.

त्यांच्या पत्नी पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "इतकी वर्षं हे घर मी एकटीनं चालवलं. आता हे विचारतात, मिठाची बरणी इथंच का ठेवलीय."

आणि ते म्हणाले, "माझ्या वर्गातल्या एकाचे दोन पोकलेन आहेत. एकाचा बंगला झाला. गावात मला मेजर म्हणतात मॅडम, पण मेजरला काम कुणी सांगत नाही."

या वाक्यातला दुसरा भाग महत्त्वाचा होता. पोकलेन आणि बंगला हे वरवरचं दुखणं. 'बंगला झाला नाही' ही वस्तुस्थिती. 'म्हणून २४ वर्षं वाया गेली' हा त्यांनीच लावलेला निकाल. माणूस घटनेपेक्षा तिच्यावर दिलेल्या निकालानं जास्त खचतो, अशी माझी धारणा आहे आणि बहुतेक वेळा कामाची सुरुवात मी तिथूनच करते. पण निकाल चुकीचा आहे हे सांगून पटत नाही. पुरावा त्या माणसाच्याच तोंडून यावा लागतो.

म्हणून पुढच्या बैठकीत पदकांचा विषय काढलाच नाही. विचारलं, "बर्फानं रस्ता बंद होणारी पोस्ट होती ना? तिथं काय काय साठवायचं?"

माणूस खुर्चीत सरळ झाला. रस्ता उघडा असतानाच हिवाळ्याचा साठा वर चढवायचा. आधी रॉकेल, कारण बर्फ वितळवून पाणीही त्यावरच करायचं. डाळ उंचीवर साध्या पातेल्यात शिजतच नाही, म्हणून प्रेशर कुकर. आणि त्याच्या रबरी रिंगा जादा, कारण कुकर बंद पडतो तो रिंगेपायी. बॅटऱ्या थंडीत उतरतात, म्हणून झोपताना त्या स्लीपिंग बॅगमध्ये. मोजे घामानं ओले झाले की लगेच बदलायचे, आणि रात्री प्रत्येकानं आपल्या बडीचे, म्हणजे जोडीदार जवानाचे, पाय टॉर्च लावून बघायचे. बोट पांढरं पडलंय का, हात लावलेला कळतोय का.

"मोजे कमी पडले तर?"

"कुणाची तरी बोटं गेली असती."

"गेली का कधी?"

"माझ्या कंपनीत नाही." मग जरा थांबून स्वतःच म्हणाले, "एकाचंही नाही."

त्यांचा निकाल बदलला तो इथे. जाताना त्यांनी पत्नीला सांगितलेलं वाक्य बाहेरूनही ऐकू आलं, "अगं, हे मी कधी मोजलंच नव्हतं."

फौजेतून मिळतं त्यातलं पगार, पेन्शन, कँटीन, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, एवढंच दिसतं. अंगात मुरलेलं दिसत नाही, कारण युनिटमध्ये ते सगळ्यांकडेच असतं. सामान डोळ्यांदेखत मोजल्याशिवाय सही न करणं. थकलेल्या माणसाकडून न दुखवता काम करून घेणं. आणि सर्वांत मोठं, आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं ही रोजची जाणीव. पेन्शनीवर आल्यावर पहिली दोन टिकतात, तिसरी मात्र युनिटबरोबर मागे राहते. बहुतेकांना वाटतं शिस्त सुटली, मान गेला. मला वाटतं, गरज असणं गेलं. ते पुन्हा मिळवावं लागतं आणि घरात हुकूम सोडून मिळत नाही.

म्हणून या हवालदारांनी आधी घरातलं एकच खातं पूर्ण अंगावर घेतलं, सासऱ्यांची औषधं आणि दवाखाना. बाकी घरात सहा महिने फक्त विचारायचं, बदलायचं नाही. मग गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं खत-बियाण्यांचं गोदाम त्यांनी घेतलं. पहिल्याच महिन्यात पोरांवर आवाज चढला आणि दोघं काम सोडून गेले. तिथं रँक नसते. पोराला कारण सांगावं लागतं, ऑर्डर पुरत नाही. ते शिकायला वेळ लागला. मात्र रजिस्टर आणि माल पहिल्यांदाच जुळले, आणि आता चेअरमन त्यांना विचारल्याशिवाय गाडी उतरवत नाहीत.

जे अजून नोकरीत आहेत त्यांनी शेवटच्या वर्षातच संरक्षण खात्याच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्सला नाव द्यावं. दहावी आणि १५ वर्षं सेवा असेल तर पदवी-समकक्ष प्रमाणपत्र घ्यावं. ठरावीक सरकारी गट-क पदांना ते चालतं. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे का, हे युनिट सोडण्याआधी बघा. नंतर एका अक्षरासाठी खेटे पडतात. घरी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा. कम्युटेशनमध्ये पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग एकरकमी विकता येतो, पण ती कपात १५ वर्षं चालते. ती रक्कम पहिल्या वर्षात स्लॅबमध्ये किंवा भावकीच्या उसनवारीत घालू नका. घरातली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

अग्निवीराच्या आईवडिलांना मी सांगते, पोरगा सुट्टीवर आला की 'किती साठले' एवढंच विचारू नका. त्याच्याकडे कशाची जबाबदारी आहे ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. चार वर्षांनी मुलाखतीत त्याला स्वतःला ते आठवणार नाही.

रात्री दचकून उठणं, गर्दीत पाठ भिंतीला लावूनच बसणं, कँटीनच्या बाटलीशिवाय झोप न लागणं, यांतलं काही महिनाभर टिकलं तर नुसत्या बोलण्यावर थांबू नये. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे रेफरल घ्या, आणि पहिल्या भेटीला पत्नीला बरोबर न्या. झोपेचं खरं तीच सांगते.