गोळीबार करणाऱ्याचं नाव-फोटो दाखवायला सरकार बंदी का घालत नाही?
अमेरिकेत तर घालणं जवळपास अशक्यच, तिथल्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीमुळं खरी बातमी छापू नका असं सरकार सांगायला गेलं की कोर्टात सहसा टिकत नाही. न्यूझीलंडमधे २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेली, त्याचा व्हिडिओ जवळ ठेवणं, पाठवणं गुन्हा ठरवला, पंतप्रधान आर्डर्न म्हणाल्या मी त्या मारेकऱ्याचं नावच घेणार नाही, पण ते त्यांनी स्वतःपुरतं ठरवलेलं. आणि व्हिडिओ थांबला का? फेसबुकनं पहिल्या २४ तासात १५ लाख कॉप्या काढून टाकल्या, तरी आमच्या साताऱ्यात राजवाड्यावर भेळ खाताना मित्रानं मोबाईल पुढं केलाच, मी म्हटलं ठेव बाबा आत, भेळ खाऊ दे.

मला विचाराल तर नाव एकदा द्यावं, फोटो दिवसभर फिरवू नये, पण हे संपादकानंच ठरवायचं.

आपल्याकडं २६/११ ला चॅनलवाल्यांनी कमांडोंची कारवाई लाईव्ह दाखवली, सुप्रीम कोर्टानं २०१२ ला त्यावरून चांगलंच झापलं, मग २०१५ ला केबल टीव्हीच्या नियमात अशी कारवाई चालू असताना लाईव्ह बंद केलं. पण तो नियम टीव्हीचा, फॅमिली ग्रुपवरच्या काकांना कोण अडवणार?