टेंडर 20-25 टक्के बिलो भरणाऱ्यांना परवडतं कसं?

तुम्ही विचारलंय, की डीएसआर (सरकारी दरसूची) धरून हिशेब केला तर महापालिकेचं काम 3-4 टक्के बिलोच्या (म्हणजे इस्टिमेटपेक्षा तितक्या टक्के कमी दराच्या) खाली जात नाही, तरी दर वेळी कुणीतरी 22-25 टक्के बिलो भरून ते उचलतो. हे त्याला परवडतं कसं? मी पुण्यातच एका कंत्राटदाराकडे टेंडर भरायचं काम बघतो. त्यातल्या काहींना परवडतं, काहींना अजिबात परवडत नाही. टेंडर उघडतं तेव्हा मात्र दोघे सारखेच दिसतात.

1 कोटीचं काम 20 टक्के बिलो म्हणजे 80 लाख. त्यात माल 55 लाखांचा धरा. सिमेंटवाला काही तुमचं टेंडर बघून भाव उतरवत नाही. म्हणजे गेलेले 20 लाख उरलेल्या 45 लाखांतूनच निघायला हवेत. मजुरी, मशीन, ऑफिस, नफा सगळ्याला 44 टक्के कात्री. पण ज्याचा स्वतःचा जेसीबी-डंपर आहे, हप्ते फिटलेत आणि जो जालन्याहून रोखीने गाडीभर सळई आणतो, त्याचा मालाचा आकडाच 55 नसतो. भाड्याच्या मशीनवर त्याच्याशी टक्कर घेऊ नका. दुसरा असतो नव्या कामाच्या बिलातून जुनी उधारी भागवणारा. त्याला फक्त वर्क ऑर्डर हवी असते, आणि त्याच्याशी स्पर्धा करण्यात काही अर्थ नाही.

तिसऱ्याकडून मात्र शिकण्यासारखं आहे. तो साइट पायाखाली घालून आलेला असतो. बी-1 टेंडरमध्ये सगळ्या आयटमना मिळून एकच टक्का भरायचा असतो, त्यामुळे कुठली क्वांटिटी वाढणार याला फार महत्त्व येतं. वारजे-कोथरूडकडे टेकडीच्या पायथ्याला ड्रेनेजची लाइन असेल, तर मुरूम कुठे संपतो आणि काळा पाषाण कुठे लागतो, हे शेजारी नुकतीच खोदाई केलेल्याला विचारा. इस्टिमेटमध्ये धरलाय त्यापेक्षा जास्त खडक लागला तर तोही त्याच बिलो दराने फोडावा लागतो. टेंडरच्या अटींमधल्या क्लॉज 38 खाली नव्या दराची गोष्ट निघते ती क्वांटिटी 25 टक्क्यांहून जास्त वाढली तरच, आणि ती सुद्धा पत्रव्यवहार करून. उलट कसब्यातल्या बोळात खडकापेक्षा वाहतूक महाग पडते. मिक्सर आत जात नाही, राडारोडा छोट्या टेम्पोने बाहेर काढायचा, मग वाघोलीपर्यंत न्यायचा.

डीएसआर बाजूला ठेवून स्वतःचा दर काढा. एम-20 काँक्रीटला (सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3) घनमीटरमागे 8 पोती सिमेंट लागतं, वेस्टेज वेगळं. खडी-क्रश सँड ब्रासने येते आणि बिल घनमीटरने निघतं. 1 ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर. डंपरमधला ब्रास पुरा भरतोच असं नाही, टेप लावून बघा. सळईचं वजन व्यासाचा वर्ग भागिले 162. 12 एमएमला मीटरला 0.89 किलो. सगळे आयटम असे करत बसू नका. बहुतेक कामांत चार-पाच आयटमच निम्म्याहून जास्त रक्कम खातात, तेवढे नीट करा.

मग बिलातून होणाऱ्या कपाती. 1 टक्का कामगार सेस गेला तो गेलाच. प्राप्तिकराचा टीडीएस (प्रोप्रायटरला 1, फर्मला 2 टक्के) आणि जीएसटीचा 2 टक्के टीडीएस खात्यात जमा दिसतो, पण तोवर पैसा अडकलेला असतो. जीएसटी दरात धरलाय की वेगळा, हे टेंडर कागदात वाचल्याशिवाय टक्का ठरवूच नका. 18 टक्क्यांचा घोळ झाला तर कुठलंच गणित वाचत नाही.

शिवाय फार बिलो गेलात तर अतिरिक्त सुरक्षा अनामत भरावी लागते, आणि जितकं खाली जाल तितकी ती वाढते. तिचं आणि दोष दायित्व कालावधीत (काम संपल्यावर दुरुस्तीची जबाबदारी तुमच्यावर असते तो काळ) अडकणाऱ्या अनामतीचं व्याज तुमच्या टक्क्यात धरलंय का? माझ्यापुढे येणाऱ्या बहुतेक नवख्यांच्या हिशेबात ती ओळच नसते.