सोर्सवरून बनवलेल्या एफएफएमपेगला एच.२६४ एन्कोडर का सापडत नाही?

लिनक्सवर एफएफएमपेग हे व्हिडिओ-ऑडिओ रूपांतराचे सॉफ्टवेअर सोर्सवरून विनातक्रार कंपाइल झाले, तरी व्हिडिओ रूपांतरित करताना 'अननोन एन्कोडर लिबएक्स२६४' असा संदेश येतो, यात बिघाड काहीच नाही. एच.२६४ या व्हिडिओ स्वरूपातील फाइल वाचणारा डिकोडर एफएफएमपेगचा स्वतःचा आहे. एन्कोडिंगचे, म्हणजे व्हिडिओ त्या स्वरूपात लिहिण्याचे काम मात्र तुमच्या आज्ञेत 'लिबएक्स२६४' या नावाने येणारी एक्स२६४ ही बाहेरची लायब्ररी करते आणि ती सांगितल्याशिवाय जोडली जात नाही.

याचे मूळ परवान्यात आहे. एफएफएमपेग मुख्यतः एलजीपीएल २.१ किंवा त्यापुढील आवृत्ती या सैल अटींच्या मुक्त परवान्याखाली मिळते, तर एक्स२६४ अधिक कडक अटींच्या जीपीएलखाली. म्हणून कंपाइल करण्याआधीची जुळवणी करणारी कॉन्फिगर ही स्क्रिप्ट चालवताना 'एनेबल-जीपीएल' आणि 'एनेबल-लिबएक्स२६४' हे दोन्ही पर्याय द्यावे लागतात. एकच दिला, तर कॉन्फिगर तिथेच थांबते किंवा लायब्ररी निमूटपणे वगळली जाते. डेबियन किंवा उबुंटूवर त्याआधी लायब्ररीचे नावात 'डेव्ह' असलेले पॅकेज बसवावे, कारण नुसत्या लायब्ररीने भागत नाही, कंपायलरला हेडर फाइलीही लागतात. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर नॅझम हा असेंबली कोड कंपाइल करणारा प्रोग्रामही सहसा लागतो.

तरीही कॉन्फिगर अडले, तर एफएफबिल्ड फोल्डरमधील कॉन्फिग डॉट लॉग ही फाइल उघडून शेवटच्या ओळी वाचाव्यात. पडद्यावरच्या त्रोटक संदेशापेक्षा तिथे खरे कारण सापडण्याची शक्यता अधिक. कॉन्फिगर पार पडल्यावर कंपाइल करणारे 'मेक' आणि न विसरता नवी प्रत बसवणारे 'मेक इन्स्टॉल' चालवावे, नाहीतर आधी बसवलेली जुनीच प्रत चालत राहते आणि माणूस उगाच परवान्याला दोष देत बसतो.