‘आळशी’ लिहिण्याआधी वेग मोज

स्किझोफ्रेनिया (एक गंभीर मानसिक आजार) असलेल्या रुग्णाने चाचणीत सोपं काम निवडलं म्हणजे त्याला इच्छाच नाही, असं लिहून मोकळा होऊ नकोस. माणूस बक्षिसासाठी किती मेहनत घ्यायला तयार आहे हे मोजणारी 2009 सालची बटण दाबण्याची चाचणी वापरणार आहेस ना? तिच्यात दर वेळी कमी बक्षिसाचं सोपं काम किंवा जास्त बक्षिसाचं अवघड काम निवडायचं असतं. तिच्यातल्या अवघड कामात सवयीच्या नसलेल्या हाताच्या करंगळीने 21 सेकंदांत 100 वेळा बटण दाबायचं असतं. (आधी स्वतः करून बघ, बोट भरून येतं.) औषधांनी हालचाल मंदावलेल्याला ते जमेलच असं नाही, म्हणून प्रत्येकाचा वेग मोजून मगच लक्ष्य ठरव.

स्किझोफ्रेनियात खरी मेख बहुधा वेगळीच असते. बक्षीस आणि ते मिळण्याची शक्यता वाढली, तरी मेहनत त्या प्रमाणात वाढत नाही. अवघड काम किती वेळा निवडलं याची नुसती सरासरी काढलीस तर हे निसटेल. आणि हो, रात्री झोप झाली का, तेही विचारत जा.