एका लेखात एकच प्रश्न

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

‘माहिती भरपूर जमली आहे, पण लेख हाताला लागत नाही,’ असं तू कळवलंस. लेख वाचला. माहिती चोख आहे, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण शीर्षकात तू विचारतेस, ‘दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही?’ आणि दुसऱ्याच परिच्छेदात १९६९ सालचं अपोलो ११ चंद्रावर उतरतं! मग भरती-ओहोटी येते. उत्तर सापडतं पार शेवटी, तेही दोन ओळींत. वाचकाने तोवर का थांबावं?

प्रश्न एक ठरव आणि त्याला धरून राहा. नुसता ‘चंद्र’ डोक्यात ठेवलास तर अपोलोही खपतं, भरतीही खपते, अंगाईगीतसुद्धा खपतं. प्रश्न समोर असला की यातलं काहीच खपत नाही.

क्रम कसा लावायचा म्हणतेस? वाचकाला पुढची शंका कोणती येईल, ते बघ. पौर्णिमेला पृथ्वी सूर्य आणि चंद्र यांच्या मध्ये असते, हे सांगितलंस की तो लगेच विचारेल, मग सावली दर वेळी का पडत नाही? इथे चंद्राच्या कक्षेचा पृथ्वीच्या कक्षेशी असलेला कल सांग : सुमारे ५ अंश. तो म्हणेल, एवढ्याशा कलाने काय होतं? तेव्हा सांग, की आकाशात चंद्राचं बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं दिसतं. म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. मग ग्रहण होतं तरी कधी? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेची पातळी जिथे छेदते त्या दोन बिंदूंजवळ पौर्णिमा आली तर. आणि तसा योग साधारण सहा महिन्यांनी येतो. बघ, लेख झाला. हे सगळं तुझ्या मजकुरात होतंच, विखुरलेलं.

राहू-केतूंचं काय करू, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. राहू चंद्राला गिळतो ही कथा इथे नको. पण आपल्या ज्योतिर्गणितात त्या छेदनबिंदूंनाच राहू आणि केतू म्हणतात. ते छेदनबिंदूंच्या वाक्यात हक्काने येतील. नाव तेच, पण एका जागी ते प्रश्नाचं उत्तर देतं, दुसऱ्या जागी देत नाही. ग्रहणात चंद्र तांबूस का दिसतो? सुंदर प्रश्न आहे, पण वेगळा आहे. काढ.

काढताना जीव तुटतो, ठाऊक आहे. शोधायला कष्ट पडले म्हणून माहिती ठेवायची, हे मला कधीच पटलेलं नाही. मी लेख सोलून कोरडे करतो, असं अनेकांनी तोंडावर ऐकवलं. लोकांचे लाडके परिच्छेद मी कापले, त्यात काही स्नेही दुरावले, आणि त्याची रुखरुख आजही आहे. परिच्छेद कापल्याची मात्र नाही. आजही तेच कापीन. वाचक एक प्रश्न घेऊन आलेला असतो, आणि त्याला ताटकळत ठेवून आपली जमवाजमव दाखवणं मला उद्धटपणाचं वाटतं.

आता एवढं कर. प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिही. प्रत्येक परिच्छेदाशेजारी, समासात, तो या प्रश्नाला काय उत्तर देतो ते चार-पाच शब्दांत मांड. शब्द सुचले नाहीत तर परिच्छेद बाहेर. ‘पण तो छान लिहिलाय’ हे कारण मी ऐकणार नाही.

अपोलोचा मजकूर फाडू नकोस, वेगळ्या वहीत ठेव. त्यावर स्वतंत्र लेख होईल. तो कोणत्या प्रश्नाचा, ते हा लेख पुरा झाल्यावर ठरवू.

तुझा,
काका