तीन थेंबांचा हिशेब

प्रश्न : मी यावलची, वय ४२. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी घेते. नणंदेच्या सांगण्यावरून लुगॉल आयोडीनची ५ टक्क्यांची बाटली मागवली. ती म्हणते, रोज तीन थेंब पाण्यातून घे. मनगटावर लावलेला डाग दुपारपर्यंत गेला, म्हणजे अंगात आयोडीन कमी आहे, असंही तिचं म्हणणं. डोस नेमका किती? आमच्या सासूबाई खडेमीठच वापरतात, म्हणून जास्त शंका येते.

उत्तर : ताई, अजून सुरू केलं नसेल तर करू नका. चोपड्यात मेडिकल चालवताना ‘कितला थेंब लेऊ?’ हा प्रश्न रोज ऐकलाय, पण थेंब हे मापच नव्हे. एका ड्रॉपरचे मिलिलिटरला वीस थेंब होतात, दुसऱ्याचे तीस.

वीस धरून हिशेब करू. ५ टक्के लुगॉलच्या एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम आयोडीन आणि १०० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड. आयोडाइडमधलं आयोडीन साधारण ७६, एकूण १२६ मिलिग्रॅम. म्हणजे एका थेंबात ६.३ मिलिग्रॅम आणि तीन थेंबांत जवळजवळ १९. आता मायक्रोग्रॅम करा : १९,०००. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० ची! वरची मर्यादा अमेरिकेत ११०० मानतात, युरोपात ६००. घोळ सगळा ‘मिलि’ आणि ‘मायक्रो’मध्ये होतो, लेबलवर टक्के लिहिलेले असले की तो दिसतही नाही.

पातळ करून घेऊ का, असं विचाराल. हिशेब जमेलही, पण तुम्हाला त्याची गरज काय? थायरॉइड मंद असण्याचं कारण बरेचदा शरीराने स्वतःच त्या ग्रंथीवर केलेला हल्ला असतं. तिथे जादा आयोडीनने ती आणखी मंदावू शकते. काही जणांत उलट भडकते. लुगॉल डॉक्टर देतात ते थायरॉइडच्या ऑपरेशनआधी, थोडे दिवस. दोन-चार दिवस थेंब घेऊन झाले असतील तर डॉक्टरांना बाटली दाखवा, टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कधी करायची ते विचारा. गोळी मात्र बंद करू नका.

मनगटाच्या डागाला काही अर्थ नाही. आयोडीन हवेत उडतं, कातडीवर रंगहीन होतं. भुसावळच्या मे महिन्यात तर आणखी लवकर!

सासूबाईंच्या मिठाची शंका मात्र रास्त आहे. साध्या खडेमिठात आयोडीन नसल्यातच जमा. आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत किमान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम असावं लागतं. दहा ग्रॅमला १५० झालं. मीठ वाढवायचं नाही, बदलायचं. बरणी झाकून, चुलीपासून लांब ठेवा. वरणात शेवटी घाला. लोणच्याला त्यांचं खडेमीठ राहू द्या, त्यावरून घरात वाद नको.