कॅमेऱ्याच्या लेन्स फिल्टरवरचे बोटांचे डाग पुसले की अजूनच पसरतात, काय करू?

पुसायच्या आधी हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने धूळ उडवा, हे अजिबात टाळू नका, कारण ओरखडे कापडाने नाही तर त्याखाली अडकलेल्या कणांनी पडतात, आणि समुद्रावर शूट करून आला असाल तर वाळू नि मीठ दोन्ही असतं. मीठ वाळलेलं असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटरने ओलं करून विरघळवा, मगच पुसा.

डाग पसरतो कारण तो तेलकट असतो, कोरडं कापड तेल फक्त इकडून तिकडे नेतं. लेन्स क्लीनरचे एक-दोन थेंब मायक्रोफायबरवर घ्या, काचेवर डायरेक्ट मारू नका, मधून कडेकडे हलक्या हाताने गोल फिरवा आणि शेवटी कोरड्या बाजूने. सीपीएल (चकाकी कमी करणारा, फिरवता येणारा पोलरायझर फिल्टर) असेल तर जास्तच जपा, त्यात काचांच्या मध्ये पोलरायझरची फिल्म असते, फिरत्या रिंगमधून लिक्विड आत गेलं की काढणं अवघड.

आणि एवढं करूनही धूसर पट्टे राहतायत तर कापडच मळलंय, ते साध्या साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचाच थर काचेवर बसतो. शर्टाच्या टोकाने तर प्लीज कधीच पुसू नका, काचेवरच्या कोटिंगला ओरखडे पडू शकतात हो.